आईच्या वतीने

“हसायला सांग तिला.”

मॅडम माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या. स्टेजच्या कडेला आम्ही दोघी उभ्या होतो, मी आणि आई. समोर मैदानात सगळी शाळा रांगा करून बसलेली. मॅडम म्हणजे आमच्या शाळेच्या पर्यवेक्षिका. त्या आईशी बोलत नव्हत्या. आईला ऐकू येत नव्हतं म्हणून नाही. ऐकू येत होतं तेव्हाही त्या तिच्याशी बोलत नसत. तिला काही सांगायचं असलं की शिपायाला सांगत, आणि शिपाई आईला सांगे.

त्या दिवशी आई हिरवी साडी नेसून आली होती. तिच्याकडे असलेली एकच चांगली साडी. सत्कार आहे म्हणून निरोप होता ना. केसांना तेल लावलं होतं. मॅडमनी तिला गेटवरच थांबवलं आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, “हे काय? अशी कोण ओळखणार हिला? रोजचा युनिफॉर्म घालायला सांग.”

संडासाशेजारी एक खोली होती. झाडू, फिनेलचे कॅन, पोतेरी ठेवायची. आई तिथे जाऊन कामाची निळी साडी नेसून आली. पदरावर ॲसिडचे डाग होते. हिरवी साडी घडी करून तिने माझ्या दप्तरात ठेवली.

आता तिने हसायचं होतं.

मी आधी कधी असं काही लिहिलेलं नाही. कॉलेजात निबंध लिहिते तेवढंच. हे नीट जमेल की नाही माहीत नाही. पण लिहायचं आहे.

आम्ही पनवेलजवळच्या नेऱ्याच्या वरच्या बाजूला, डोंगराच्या पोटात असलेल्या वाडीवरचे. कातकरी. आमच्याकडची माणसं दिवाळी झाली की वीटभट्टीवर जातात ती पावसाच्या तोंडावर परत येतात. मुलंही बरोबर जातात, म्हणून मुलांची शाळा सुटते. माझे वडील गेल्यावर आईने ठरवलं की मी भट्टीवर जाणार नाही. ती मला घेऊन पनवेलला आली. गाढी नदीच्या कडेला एका चाळीत खोली घेतली आणि एका मोठ्या शाळेत साफसफाईचं काम धरलं. कंत्राटदाराकडून. त्याच शाळेत मला प्रवेश मिळाला. माझ्याआधी माझ्या घरात कोणी चौथीच्या पुढे गेलं नव्हतं.

शाळेत मी परिपाठ घ्यायचे. सकाळी प्रार्थना झाली की माइकवर प्रतिज्ञा, सुविचार, बातम्या. माझा आवाज स्वच्छ होता. पहिल्या वर्षी मॅडमनी मला खूप दटावलं होतं. “‘हाय’, ‘नाय’ चालणार नाही इथे. ‘आहे’, ‘नाही’ म्हणायचं.” मी शिकले. वक्तृत्व स्पर्धेत शाळेला ढाल मिळवून दिली. मी माइकवर बोलत असताना आई वरच्या मजल्यावर जिना पुसत असायची. ती कठड्याशी येऊन उभी राहायची. मला दिसायची.

दहावीत होते मी तेव्हा. दिवाळीची सुट्टी संपून शाळा नुकतीच सुरू झाली होती. शंतनू नावाचा मुलगा होता, दहावीतच, दुसऱ्या तुकडीत. खारघरला टॉवरमध्ये राहायचा, गाडीने यायचा. वडील शाळेच्या संस्थेवर होते. त्याने आणि त्याच्या दोन मित्रांनी मुलांच्या संडासात सुतळी बॉम्ब लावला. चाचणी चालू होती, पेपर बंद पडावा म्हणून. गंमत म्हणून. आत कोण आहे ते त्यांनी बघितलं नाही. नाही तर साफसफाईची मावशी म्हणजे ‘कोणी’ नाही असं त्यांना वाटलं असेल.

आई आत होती. बादली भरत होती.

पेपर खरंच बंद पडला. आम्ही सगळे बाहेर धावलो. आई भिंतीला टेकून बसली होती. दोन्ही हात कानांवर. कानातून रक्त. मी ओरडत होते, “आये, आये,” आणि ती माझ्या तोंडाकडे नुसती बघत होती. मग तिने विचारलं, “तू बोलत का नायस?”

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

डाव्या कानाचा पडदा पूर्ण गेला. उजव्या कानाने अगदी जवळ जाऊन, जोरात बोललं तर थोडं कळतं. वाडीवर असताना ही बाई पलीकडच्या उतारावरून कोणी हाक मारली तर ओळखायची कोण आहे ते.

चार दिवसांनी मुख्याध्यापक सरांनी आम्हाला केबिनमध्ये बोलावलं. शंतनूचे वडील बसले होते. मॅडम बसल्या होत्या. आम्ही उभ्या. सर माझ्याकडे बघून बोलत होते, कारण आईशी बोलायचं तर ओरडावं लागलं असतं.

“हे बघ बाळ, झालं ते वाईटच झालं. पण मुलं आहेत. मुलं चुकतात. पोलिसात वगैरे गेलं तर त्यांचं आयुष्य बरबाद होईल. शाळेचं काम शिक्षा करणं नाही, सुधारणं आहे. दुसरी संधी द्यायला हवी. हो ना?”

मी मान हलवली. मला ते पटलंही होतं. खोटं कशाला सांगू. मुलांना दुसरी संधी मिळायला हवी, हे मला आजही पटतं.

पण तेव्हाच मला संदीप आठवला. माझा मावसभाऊ. दोन वर्षांपूर्वी तो याच शाळेत आठवीत होता. वाडीवरून डब्यात चिंबोऱ्या घेऊन आला आणि वर्गात सोडून दिल्या. खेकडे. सगळी मुलं बाकांवर चढली. एका मुलीच्या बोटाला चावली एक. बोटाला पट्टी लावली, झालं. याच केबिनमध्ये याच सरांनी संदीपच्या बापाला शाळा सोडल्याचा दाखला हातात दिला होता. “यांना जंगलातच ठेवा,” असं म्हणाले होते. संदीप आता कर्जतकडे भट्टीवर विटा थापतो.

तो पण मुलगा होता. तो पण चुकला होता.

सरांनी पुढचं सांगितलं. शनिवारी परिपाठात छोटासा कार्यक्रम करायचा. ‘क्षमा’ असा विषय. शंतनूचे वडील आईचा सत्कार करतील. शाल, श्रीफळ. आणि आईने मुलांना माफ केलं असं जाहीर करायचं.

“तिला बोलता नाही येणार माइकवर,” मॅडम म्हणाल्या, “ही बोलेल. आईच्या वतीने. आपली वक्तृत्वाची मुलगी आहे.” मग माझ्याकडे वळून, अगदी गोड आवाजात, “दहावीचं वर्ष आहे ना तुझं? हॉलतिकीट यायचंय अजून.”

मला कळलं. एवढं कळायला वक्तृत्व लागत नाही.

शंतनू काय बोलणार, असं मी विचारलं. हळूच विचारलं. त्याचे वडील पहिल्यांदा बोलले. “तो काय बोलणार? आधीच घाबरलाय पोरगा. जेवत नाहीये नीट.”

बाहेर आल्यावर आईने विचारलं, “काय बोलले?” मी तिच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन सगळं सांगितलं. रस्त्यावर लोक बघत होते. ती घरी येऊन भाकरी थापताना म्हणाली, “माज्या वतीनं तू बोलनार. त्याच्या वतीनं त्याचा बाप. मग आमी दोघं कशाला येतो तिथं?”

मी तरीही भाषण पाठ केलं. मॅडमनीच सांगितलं होतं काय बोलायचं ते. ‘माझ्या आईचं मन आभाळाएवढं मोठं आहे.’ इथून सुरुवात. तीन दिवस म्हणत होते. हॉलतिकीट डोळ्यांपुढे होतं.

शनिवार आला. साडी बदलून झाली. आम्ही स्टेजवर गेलो. शंतनूच्या वडिलांनी आईच्या खांद्यावर शाल टाकली. टाकली असंच म्हणेन. हात लागू नये अशी लांबून. नारळ दिला. टाळ्या वाजल्या. आईला टाळ्या ऐकू येत नव्हत्या. हलणारे हात दिसत होते फक्त. फोटो निघाला. शंतनू आणि त्याचे दोन मित्र मागे उभे होते, इस्त्रीच्या शर्टात, मान खाली घालून.

मग माइक माझ्या हातात आला.

“माझ्या आईचं मन आभाळाएवढं मोठं आहे,” मी म्हणाले.

स्पीकरमधून माझाच आवाज मैदानावर गेला आणि परत आला. मी आईकडे बघितलं. ती वरच्या मजल्याच्या कठड्याकडे बघत होती. जिथे ती नेहमी उभी राहायची. आज तिथे कोणी नव्हतं. ती इथे खाली, माझ्या शेजारी उभी होती आणि तिला माझा एक शब्दही ऐकू येत नव्हता. तिच्या नावाने मी जे वाटून टाकत होते ते द्यायचं का, हे तिला कोणी विचारलंच नव्हतं.

पुढची सगळी वाक्यं पाठ होती. आठवतही होती.

मी माइक तोंडापासून दूर नेला नाही. तसाच धरून आईच्या उजव्या कानाशी गेले आणि जोरात विचारलं. आमच्या बोलीत. अख्ख्या शाळेने ऐकलं.

“आये, ही पोरं तुजी माफी मागतात असं सांगतायत. तू माफ केलंस का?”

एक पहिलीतला मुलगा हसला आणि त्याला कोणीतरी गप्प केलं.

आईने माझ्याकडे बघितलं, मग मागे उभ्या असलेल्या मुलांकडे. तिला तिचा आवाज किती मोठा आहे ते कळत नव्हतं. ती ओरडलीच.

“मला आयकू नाय येत! ज्याला बोलायचं हाय त्यानं जवळ येऊन बोलावं!”

आणि तिने आपला उजवा कान पुढे केला. शाल घसरून खाली पडली. तिने उचलली नाही. ती तशीच उभी राहिली, मान तिरकी करून, वाट बघत.

शंतनूने मान वर केली. त्याचे डोळे भरले होते, मी बघितलं. तो निघाला होता. एक पाऊल त्याने टाकलंसुद्धा. मला वाटतं तो आला असता. पण त्याच्या वडिलांनी त्याचा दंड धरला. “काही गरज नाही,” म्हणाले. मॅडमनी हात केला आणि शिपायाने माइक बंद केला. कोणीतरी घाईघाईने ‘जन गण मन’ सुरू केलं. सगळे ताठ उभे राहिले. आईसुद्धा. पण तिचा कान तसाच पुढे होता.

दुसरी संधी म्हणे. त्याला जी एक खरी संधी मिळाली होती, ती त्याच्या बापाने दंड धरून मागे ओढली.

सोमवारी कंत्राटदाराने आईला सांगितलं, “मावशी, तुम्हाला आता ऐकू येत नाही. हे काम जमायचं नाही तुम्हाला.” आणि मला केबिनमध्ये बोलावलं. कार्यक्रमाची शिस्त मोडली. पाहुण्यांचा अपमान केला. शंतनू त्या दिवशी वर्गात बसला होता. मला सांगितलं, माफीनामा लिही, मग वर्गात बस.

“तुलाही शाळा दुसरी संधी देतेय,” सर म्हणाले.

बॉम्ब ज्याने लावला त्याला दुसरी संधी. प्रश्न जिने विचारला तिलाही दुसरी संधी. दोन्ही गुन्हे त्यांच्या तराजूत सारखेच.

मी म्हणाले, “नाही लिहिणार.”

पूर्वपरीक्षा मला देऊ दिली नाही. मी घरी अभ्यास केला. हॉलतिकीटं आली तेव्हा माझं ऑफिसातच ठेवून घेतलं. तेव्हा आई शाळेत गेली. हिरवी साडी नेसून. ऑफिसच्या दारात, येणाऱ्या-जाणाऱ्या पालकांच्या वाटेत बसली. मी बरोबर होते.

क्लार्क म्हणाले, “मावशी, उद्या या.”

“आयकू नाय येत.”

“सर मीटिंगमध्ये आहेत!”

“आयकू नाय येत.”

मॅडम बाहेर आल्या. पहिल्यांदाच त्यांना आईशी थेट बोलावं लागलं, तेही ओरडून. “अहो, मुलीचा माफीनामा आणा, मग देतो!”

आई शांतपणे म्हणाली, “आयकू नाय येत, बाय. तुमच्यामुळंच.”

पालक थांबून बघायला लागले. एका बाईंनी विचारलं, काय झालंय यांच्या कानाला? मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात क्लार्क हॉलतिकीट घेऊन आले. आईने ते उलटंसुलटं करून बघितलं, माझा फोटो आहे ना ते तपासलं आणि उठली.

मी पास झाले. आता कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. पुढे वकिलीला जाणार. आई भाजी विकते. गिऱ्हाईक बोटांनी भाव विचारतं.

हे सगळं आज लिहायचं कारण म्हणजे मागच्या आठवड्यात मॅडमचा फोन आला. शाळेचं स्नेहसंमेलन आहे. आमच्या समाजातून कॉलेजात गेलेली मुलगी म्हणून त्यांना माझा सत्कार करायचा आहे. “झालं गेलं विसर गं. किती वर्षं धरून बसणार? शाल घ्यायला ये. आईलाही आण.”

मी विचारलं, “शंतनू येणार आहे का?”

“तो? तो बाहेर शिकायला गेला ना. त्याचं काय आता?”

“त्याचं आईशी बोलायचं राहिलंय.”

मॅडम म्हणाल्या, “तुझ्या आईने केव्हाच माफ केलं असेल. तू दोन शब्द बोल फक्त. आईच्या वतीने.”

आई समोर बसून मेथी निवडत होती. तिला काही ऐकू येत नव्हतं. मी तिच्या कानाशी जाऊन विचारू शकले असते. पण तिने जे सांगायचं ते त्याच मैदानात ओरडून सांगितलेलं आहे, आणि ते ज्यांनी ऐकलं नाही त्यांचे कान शाबूत होते. शंतनूला यायचं असेल तर आमचं दार उघडं आहे. त्याने एकट्याने यावं. बाकी कोणाला तिची माफी मी वाटू देणार नाही. संदीपचा दाखलाही मी विसरलेले नाही; त्याबद्दल मी एक दिवस याच शाळेला कोर्टात जाब विचारेन.

आणि आईच्या वतीने बोलायचंच झालं, तर माझ्याकडे एकच शब्द आहे. तो मी मॅडमना फोनवर सांगितला. माझ्या घरात म्हणतात तसाच.

“नाय.”