देव्हाऱ्याखालचा वजनकाटा

माझ्या दाजींनी वजनकाटा देव्हाऱ्याच्या खाली ठेवला होता. काचेचा, निळे आकडे दाखवणारा. दर रविवारी अंघोळी उरकल्या की नाश्त्याच्या आधी माझ्या थोरल्या बहिणीनं, म्हणजे अक्कानं, त्यावर उभं राहायचं आणि दाजींनी आकडा मोठ्यानं वाचायचा. स्वतः ते कधी चढले नाहीत. हेडमास्तर कुठं हजेरी देतात?

मी बंगळूरला यशवंतपुरात रूम घेऊन राहतो. रविवारी राजाजीनगरला अक्काकडं जेवायला जातो, म्हणून हा सोहळा मला फुकट बघायला मिळायचा.

"तुझ्या बहिणीचा डिसिप्लिनचा इश्यू आहे रे," दाजी म्हणायचे. पुण्याचे आहेत, आयटीत आहेत. त्यांच्या घरात इश्यू कायम दुसऱ्याचाच असतो.

निपाणीहून लग्न करून इथं आली तेव्हा अक्का इतकी बारीक होती की आम्ही म्हणायचो, ओढणी संभाळ, उडशील. आता रविवारी डोसे व्हायचे. ती तव्यापाशी उभी, बाकी सगळे गरमगरम खाणार. सगळ्यांचं झालं की ओट्यापाशी उभ्यानंच तुटके डोसे, दाजींची उरलेली चटणी, तिच्या सासूबाईंनी अर्धा टाकलेला तुकडा, सगळं तिच्या पोटात.

"अन्न टाकू नये," सासूबाई म्हणायच्या. आणि थोड्या वेळानं, "किती सुटलीय ही." दोन्ही वाक्यं एकाच तोंडातून, मध्ये चहाचा एक घोट.

असं कोणी काही बोललं की अक्का स्वयंपाकघरात जायची आणि फरसाणाच्या डब्याचं झाकण वाजायचं. टक्. हॉलमध्ये बसून मला कळायचं, टोमणा बरोबर लागला.

मध्ये चुलत भावाच्या लग्नाला ती गावाकडं जाऊन राहिली. पुरणपोळ्या चापल्या, दुपारी झोपा काढल्या, आईशी भांडली, आणि हलकी होऊन परत आली.

"बघितलंस? माझा डाएट चार्ट," दाजी म्हणाले. चार्ट बिचारा इथंच फ्रिजवर चिकटून होता.

महिनाभरात काटा परत चढला, आणि सोबत बीपी. आम्ही तिघं गेलो तेव्हा गल्लीतल्या डॉक्टर बाईंनी सांगितलं, असंच राहिलं तर गोळ्या सुरू कराव्या लागतील, आणि या वयात मला ते नको वाटतं. मग अक्काला विचारलं, "घरी कसं चाललंय?"

"एकदम मस्त," दाजींनी उत्तर दिलं.

घरी आल्यावर अक्का मला हळूच म्हणाली, "आईला बोलू नको. गोळ्यांचं ऐकलं की रडत बसेल."

पुढच्या रविवारी आकडा वाचून झाला. "वाढलंय. परत." मग दाजी माझ्याकडं वळले, "चल, काहीतरी कर. तो ऑटोवाला कर." माझ्या नकला म्हणजे त्यांचा नाश्त्याआधीचा टाइमपास.

मी उठलो. पोट पुढं काढलं, एक हात कमरेवर ठेवला आणि काट्यापाशी वाकलो. "अगं, मी तुझ्या भल्यासाठीच बोलतोय ना? इट्स ऑल माइंडसेट." मग जीभ टाळ्याला लावून झाकण वाजवलं. टक्.

दाजी हसले नाहीत. सासूबाई देवाकडं बघत बसल्या. अक्का मात्र हसली, पदरानं डोळे पुसेपर्यंत. मग आत गेली, पहिला डोसा घातला, स्वतःच्या ताटलीत घेतला आणि हॉलमध्ये येऊन खुर्चीवर बसून खायला लागली.

आतून धुराचा वास आला.

"तवा तापलाय गं," सासूबाई म्हणाल्या.

"हो की. यांना सांगा."

दाजींनी आपल्या आईकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. कोणी हललं नाही तेव्हा उठले. त्यांचा पहिला डोसा तव्याला असा चिकटला की उलथन्यानं खरवडून काढावा लागला. तो कचऱ्यात टाकायला निघाले तेव्हा मी सासूबाईंच्या आवाजात म्हणालो, "अन्न टाकू नये."

त्यांनी खाल्ला. ओट्यापाशी, उभ्यानं.

"अहो," अक्कानं ताटली पुढं केली, "मला अजून एक."