आप्पा आणि एकशे सत्तावीस अंश

आप्पांचा कुठल्याही आकड्यावर विश्वास नसे. मोबाइलमध्ये बघून कुणी आजचं तापमान सांगितलं, तर ते उठून दाराबाहेर हात काढत आणि विचारत, “फोन काय उन्हात उभा हाय?” मग आप्पा स्वतःचा निकाल देत आणि तो सगळ्यांनी मानायचा असे.

माझं पेणमध्ये कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटंसं दुकान आहे, रोह्याहून मी रोज गाडीने येते. शेजारी गणपतीचा कारखाना. आप्पा तिथले साच्यांचे कारागीर. साच्यात प्लास्टर ओतलं की घट्ट होताना ते तापतं आणि मग निवतं. पुरतं निवल्यावरच मूर्ती बाहेर काढायची. घाई केली तर सोंड मोडून हातात येते. ही वेळ आप्पा घड्याळ न बघता ठरवत. साच्यावर पालथा हात, म्हणजे हाताची मागची बाजू, टेकवायचा, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, “काढा.” त्यांच्या शब्दापुढे मालकही जात नसत.

दुपारी जेवण उरकून ते माझ्या दुकानात डोकावत. “काय गो, आज कोणाला ताप आलाय?” हा रोजचा प्रश्न. मी रोज वैतागल्यासारखं करायची आणि रोज वाटही बघायची.

एकदा खरोखरच ताप निघाला. एका शाळामास्तरांचा कॉम्प्युटर होता. पडद्यावर प्रोसेसरचं तापमान अडतीस, मदरबोर्डचं एकेचाळीस आणि तिसऱ्याच कुठल्या सेन्सरचं एकशे सत्तावीस! आधीच्या दुकानदाराने ‘बोर्ड जळायला आलाय’ म्हणून मास्तरांच्या तोंडचं पाणी पळवलं होतं. खोटं कशाला बोलू, मीही तेच सांगणार होते. तेवढ्यात आप्पांनी उघड्या बोर्डावरून हात फिरवला. “हितं तर काय बी नाय. एकशे सत्तावीसला पाण्याची वाफ होईल. बंद कर, जेवून घे, गार झाल्यावर चालू कर. पयला आकडा काय येतो बघ.”

तासाभराने चालू केला. बोर्ड गारठलेला, तरी पहिलाच आकडा एकशे सत्तावीस. मग मी मशीनला मुद्दाम जड काम दिलं. प्रोसेसर साठावर गेला, मदरबोर्ड थोडा वर सरकला, तिसरा जागचा हलला नाही. शेवटी बोर्डाचे कागद शोधून वाचले, तेव्हा कोडं सुटलं. तापमान मोजणाऱ्या चिपवर तीन सेन्सरची सोय होती, पण या बोर्डावर बसवलेले होते दोनच. तिसऱ्या जागी काहीच जोडलेलं नव्हतं आणि प्रोग्रॅम त्या रिकाम्या जागेचा आकडा दाखवत होता. “म्हंजे आलाच नाय त्याची हजेरी!” आप्पा इतके खूश झाले की कारखान्यातल्या प्रत्येकाला ती गोष्ट सांगून आले.

त्यानंतर आम्हाला नादच लागला. एका जुन्या बोर्डावरचा सेन्सर मी त्यांना भिंगाखाली दाखवला. राईएवढा दाणा, तापला की त्यातून जाणारी वीज कमीजास्त होते, त्यावरून आकडा ठरतो. ते कितीतरी वेळ बघत राहिले. “आणि हा बिघडला तर त्याला सोताला कळतं का गो?”

“नाही कळत. तो आपला सांगत राहतो,” मी म्हटलं.

पुढे कारखान्याचाच कॉम्प्युटर आला. चालता चालता बंद पडायचा. प्रोसेसर शहाण्णव, मदरबोर्ड मात्र चाळीस. मी आता शहाणी झाले होते, शहाण्णववर माझा संशय. आप्पांनी प्रोसेसरवरच्या धातूच्या पात्यांना पालथा हात टेकवला, नीट टेकवून ठेवला. “गार हाय. आकडा खोटा.” झालं. मी तासभर त्या आकड्याचा खोटेपणा शोधत बसले. सेटिंग बदलली, दुसरा प्रोग्रॅम घातला. प्रत्येक प्रोग्रॅम शहाण्णवच म्हणे. शेवटी चिडून मी स्वतः बोट लावलं आणि किंचाळले. पंख्याखाली प्लास्टरची धूळ गच्च बसली होती, पाती विस्तवासारखी तापलेली.

आप्पांना बोलणार म्हणून वळले. ते शांतपणे स्टुलावर बसले होते आणि त्यांच्या पालथ्या हातावर चार लाल रेघा उठल्या होत्या, ओळीने.

“कवा झालं हे?” त्यांनीच विचारलं. घाबरले नाहीत, भिंगाखालच्या दाण्याकडे बघितलं होतं तसंच हाताकडे बघत होते. मग त्यांनी मला दोन पेले आणायला लावले, एक गरम पाण्याचा, एक माठातल्या पाण्याचा. डोळे मिटले. “कुठला ते सांगू नको.” मी तीनदा पेले आलटून पालटून त्यांच्या हाताला लावले. तिन्ही वेळा ते म्हणाले, “गार.”

गेला महिनाभर कारखान्यात सोंडा मोडत होत्या. सगळे नव्या प्लास्टरला शिव्या देत होते, आप्पा सगळ्यांत जास्त. मला रडूच आलं. “पिलास्टर चांगलं होतं गो,” असं म्हणून ते उठले, कारखान्यात गेले आणि मालकांसमोर, सगळ्यांच्या देखत तेच सांगितलं. म्हणाले, “आजपासून माझ्या हातावर साचा काढू नका.”

डॉक्टरांनी साखरेचा आजार सांगितला, बराच जुना. हातापायांची संवेदना त्यानेच गेली होती. टाचेला जखम होती, तीही त्यांना ठाऊक नव्हती. ती वेळेवर सापडली म्हणून पाय वाचला. डोलवीला कंपनीत नोकरीला असलेल्या मुलाने त्यांना आपल्या घरी न्यायचं ठरवलं.

जायच्या दिवशी त्यांनी मला कारखान्यात बोलावलं. का मला, ते मालकांनाही कळलं नाही. आप्पांनी ताज्या साच्यावर माझा पालथा हात ठेवला आणि वर स्वतःचा दाबून धरला. “खाली कसं लागतं? आणि कडेला? घाई नको करू.” मी सांगत गेले, ते ऐकत गेले. बऱ्याच वेळाने मी म्हटलं, “निवलं आता.” आप्पांनी माणसांकडे बघून मान हलवली. साचा निघाला, सोंड शाबूत होती.

माणसं मूर्ती उचलून घेऊन गेली. आप्पांनी माझा हात अजून सोडला नव्हता.

“आता एक सांग,” ते हळूच म्हणाले, “गरम लागतं म्हंजे कसं लागतं गो? मला आठवत नाय.”

मी सांगायला तोंड उघडलं. पण मला काही ते सांगता आलं नाही.