ड्रॉइंगचा तास

इंजिनीअरिंगला कोणता मुलगा तरतो आणि कोणता गटांगळ्या खातो, याबद्दल नगरच्या आमच्या हायस्कुलात एकच मत चालायचं, ते म्हणजे हेडमास्तरांचं. ज्याचं गणित पक्कं, तो इंजिनीअर. संपलं. आणि गणित पक्कं कुणाचं, तर माझं.

मी कर्जतकडच्या शेतकऱ्याचा मुलगा, नगरला बोर्डिंगात राहायचो. पाढे पावकीपासून औटकीपर्यंत तोंडपाठ. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. त्यात भले भले अडखळायचे. शाळा तपासायला साहेब आले की हेडमास्तर मला उभं करायचे. "तेवीस औट?" "साडेऐंशी!" साहेब खूश, हेडमास्तर त्याहून खूश. या तयारीसाठी ते मला ड्रॉइंगच्या तासाला उठवून आपल्या खोलीत नेत. "चित्रं काढणं रिकामटेकड्यांचं काम," ते म्हणत. "इंजिनीअरला आकडा लागतो." माझी छाती फुगायची. वडील दर सुगीला त्यांच्या घरी ज्वारी पोचवायला येत आणि जाताना मला बजावत, "मास्तर म्हनत्यात तसं वाग. त्यांना लई कळतंय."

हेडमास्तरांचा मुलगा माझ्याच वर्गात होता, गणितात बेताचा. त्याला त्या तासाला कधी कोणी उठवलं नाही. मला त्याची कीव यायची.

पुढे दोन वर्षं सायन्सची काढून आम्ही दोघेही पुण्याला इंजिनीअरिंगला गेलो. माझं शिक्षण शिष्यवृत्तीवर. नापास झालो की ती बंद आणि रस्ता थेट कर्जतचा. पहिल्याच आठवड्यात ड्रॉइंगच्या हॉलमध्ये प्रोफेसरांनी लाकडाचा एक ठोकळा पुढे ठेवला आणि तो वरून, समोरून, बाजूने कसा दिसेल ते काढा म्हणाले. त्याचं घनफळ मी उभ्या उभ्या सांगितलं असतं. पण टी-स्क्वेअरची पट्टी धरायची कशी, इथून माझी तयारी. शाई फुटायची, खोडून खोडून कागदाला भोक पडायचं, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या त्या दिवसांत नवा कागद मिळायची मारामार. शेजारच्या बोर्डावर हेडमास्तरांचा मुलगा शीळ घालत रेघा ओढत असायचा.

"तुला कसं रे जमतं?" एकदा न राहवून मी विचारलं.

"दर रविवारी ड्रॉइंगच्या सरांकडे जायचो की लहानपणी," तो म्हणाला. "बाबा म्हणायचे, गणित जमेल तेवढं जमू दे, पण हात बसल्याशिवाय इंजिनीअर होता येत नाही."

म्हणजे हेडमास्तरांना सगळं ठाऊक होतं. घरात एक सांगत होते आणि खोलीत बसवून मला दुसरंच.

वर्षअखेर गणितात मी पहिला आलो आणि ड्रॉइंगमध्ये आपटलो. शिष्यवृत्ती गेली. तो पास झाला. गावी जाताना मी नगरला उतरलो आणि तडक हेडमास्तरांचं घर गाठलं. डोकं नुसतं भणभणत होतं. "मला का नाही बसू दिलंत ड्रॉइंगला?"

ते ओशाळतील असं मला वाटलं होतं. कसलं काय! "अरे, त्याचं डोकं बेताचं, त्याला हाताचाच आधार. तुझी मला काळजीच नव्हती," ते म्हणाले आणि चक्क हसले. "शिवाय तुला तिथे बसवलं असतं, तर साहेबांपुढे उभं कोणाला करणार होतो?"

पुढ्यातला चहा तसाच ठेवून मी उठलो. इतका संताप आयुष्यात पुन्हा कुणाचा आला नाही.

घरी नापास झाल्याचं सांगितलं. का झालो ते सांगायला जीभ रेटेना. वडिलांनी एवढंच विचारलं,

"मास्तरांकडं जाऊन आलास?"

"आलो."

"पाया पडलास नव्हं?"

पडलो होतो. उंबऱ्यातच, तोंड उघडायच्या आधी, सवयीनं. मी मान हलवली.

"ब्येस केलंस," वडील म्हणाले. "त्यांची औंदाची ज्वारी द्यायची राह्यलीय. ती घिऊन उद्या दोघं जाऊ. फुडं काय करायचं, ते त्यांनाच इचारू. त्यांना लई कळतंय."