आत्यांचं मोठं आतडं

माझ्या आत्यांनी तेहतीस वर्षं सरकारी शाळेत विज्ञान शिकवलं. पचनसंस्थेची आकृती त्या पुस्तक न बघता फळ्यावर काढत. मोठं आतडं नेहमी पिवळ्या खडूने: उजवीकडून वर, मग आडवं, मग डावीकडून खाली, आणि शेवटी एक छोटं वळण. अजूनही बाजारात कुणीतरी टक्कल पडलेला माणूस स्कूटर थांबवतो, "टीचर" म्हणून हात जोडतो, आणि आत्या त्याला विचारतात, आता तरी वेळेवर उठतोस का. अशा बाईच्या स्वतःच्या आतड्याने तक्रार सुरू केली, तेव्हा ती सगळ्यात शेवटी त्यांनीच ऐकली.

आम्ही तंजावूरला राजवाड्यामागच्या गल्लीत राहतो. अप्पा, आई, मी, आणि वरच्या खोलीत अप्पांची थोरली बहीण, म्हणजे आत्या. जिना चढताना त्या मध्येच थांबायला लागल्या. थांबल्याचं कळू नये म्हणून भिंतीवरचं कॅलेंडर वाचत. एकच महिना माणूस रोज किती वाचणार? त्यांचे ब्लाउज सैल झाले. सकाळी तीन-तीनदा संडासला जायच्या, मग दोन दिवस काहीच नाही, मग पुन्हा तेच. पोट साफ झाल्यासारखं वाटत नाही, असं आईला सांगायच्या.

आमच्याकडे अशा सगळ्याचं एकच निदान असतं: अंगात उष्णता वाढली. मग तिळाचं तेल चोपडून न्हाणं, ताक, शहाळं, वाळ्याचं पाणी. आत्यांनी शुक्रवारच्या तेलन्हाणाला मंगळवारही जोडला. शेजारच्या घरांतून ताडगोळे यायला लागले. घरात इतकं थंड खाणं-पिणं झालं की मलाच सर्दी झाली.

एकदा मी त्यांच्या मागून संडासात गेले. पाणी नीट टाकलं गेलं नव्हतं. लाल दिसलं. चार दिवसांनी पुन्हा दिसलं, जरा काळपट. मी फोनवर वाचलं. शौचाची सवय बदलणं, रक्त जाणं, कारण नसताना थकवा, वजन उतरणं. प्रत्येकाची साधी कारणंही असतात असं तिथे लिहिलं होतं, पण आठवड्यांमागून आठवडे टिकलं तर डॉक्टरांना दाखवा. यादी इंग्रजीत होती आणि मला इंग्रजीतच समजली. मी इंग्रजी शाळेतली. पोटाच्या बाबतीत माझी मराठी पाच वर्षांच्या मुलीची आहे, "दुखतं" आणि "शी" एवढीच. तेवढ्यावर निवृत्त विज्ञानशिक्षिकेला काय विचारणार? मी दोन आठवडे गप्प बसले. मग एका सकाळी आई चटणी वाटत असताना तिच्या पाठीला सांगितलं, म्हणजे तिचं तोंड बघायला लागू नये. आईने मिक्सर बंद केला.

साखर तपासायची आहे, असं सांगून अप्पा त्यांना दवाखान्यात घेऊन गेले. मला हिशेब ठेवणारी म्हणून बरोबर नेलं, कारण मी रक्ताचे दिवस लक्षात ठेवले होते.

इथे आमच्या लोकांची एक सवय सांगायला हवी. या गावात मराठी बोलणारी घरं मोजकी. त्यामुळे चारचौघांत खासगी बोलायचं झालं की आम्ही मराठी काढतो, जशी दुसरी माणसं दार लावून घेतात. साडीच्या दुकानात, बसमध्ये, लग्नाच्या पंगतीत. आत्या त्यात पटाईत. आचाऱ्याकडे बघून गोड हसत त्या अप्पांना सांगू शकतात की याने रसमात नुसतं पाणी ओतलंय, आणि आचारी खूश होऊन आणखी एक पळी वाढतो.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी तमिळमध्ये विचारलं, शौचाला काही त्रास? आत्या म्हणाल्या, काही नाही. मग अप्पांकडे वळून, चष्मा मागावा इतक्या साध्या आवाजात मराठीत म्हणाल्या, "रक्ताचं काढू नकोस. मूळव्याध आहे ती. हा मुलगा उगाच नळी घालून बघत बसेल."

त्यांच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधणाऱ्या सिस्टरने मान वर केली नाही. हवा सोडली, आकडा लिहिला, आणि आमच्याच घरच्यासारख्या मराठीत म्हणाली, "नळी घालूनच बघतात, आत्या. झोपेचं औषध देतात, दुखत नाही. पण रक्त कधीपासून जातंय ते आधी सांगा."

अप्पा पंख्याकडे बघायला लागले. डॉक्टर आमच्या सगळ्यांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत होते. सिस्टरने सांगितलं की तिचं माहेर ओरत्तनाडूचं, घरी हीच भाषा, आणि या नोकरीत तिने पुष्कळ ऐकलं आहे. गेल्याच आठवड्यात एक काका डॉक्टरांच्या नाकाविषयी बोलत होते.

आत्या हसल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोकळ्या हसल्या. मग मीच बोलले. किती आठवडे, कोणता रंग, जिना, कॅलेंडर, ब्लाउज, सगळं तमिळमध्ये एका दमात. डॉक्टर लिहीत होते. मागच्या बाकावरची मुलगी अचानक उभी राहून उत्तर द्यायला लागावी, तसं आत्या माझ्याकडे बघत होत्या.

बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, "तू सगळं बघत होतीस?"

"हो."

"मग इतके दिवस तोंड का शिवलं होतंस?"

"तुम्ही पण शिवलं होतंत."

कोपऱ्यावरच्या बाईकडून त्यांनी पेरू घेतले आणि सगळ्यात मोठा माझ्या हातात दिला.

मूळव्याध असेलही, डॉक्टर म्हणाले होते, पण आत बघितल्याशिवाय मी तिला मूळव्याध म्हणणार नाही. रक्त तपासलं, तर हिमोग्लोबिन बरंच खाली होतं. जिन्यावरच्या कॅलेंडरचा उलगडा झाला. मग कोलोनोस्कोपी ठरली. आदल्या दिवशी आतडं रिकामं करायचं औषध पाण्यात कालवून घोट घोट प्यायचं असतं. आमच्या घरी संडास एकच. आत्यांनी शाळेसारखं वेळापत्रक करून दाराला लावलं: पहिला तास, दुसरा तास, मधली सुट्टी. मधल्या सुट्टीत बाकीच्यांनी उरकून घ्यायचं. अप्पा सगळा दिवस ऑफिसात राहिले, रविवार असूनही.

त्या शेवटच्या छोट्या वळणावर गाठ निघाली. तुकडा तपासायला गेला. आठवड्याने कागद आला तेव्हा अप्पांनी तो शर्टाच्या खिशात घातला आणि अक्काला नुसतं अल्सर म्हणून सांगू, असं ठरवलं. आमच्याकडे सगळेच असं करतात. पण माझ्या अप्पांना खोटं बोलता येत नाही. त्यांनी आत्यांना पाहिलं आणि खिशावर हात ठेवला. आत्यांनी हात पुढे केला, कागद घेतला, वाचला, घडी घालून परत दिला.

संध्याकाळी त्यांनी मला वर बोलावलं. लग्नपत्रिकेच्या एका पाकिटावर मोठं आतडं काढलेलं होतं. उजवीकडून वर, आडवं, खाली. वळणावर त्यांनी पेन्सिलीने फुली मारली.

"इथे आहे," त्या म्हणाल्या. "मी वाचणार का, हे या घरात कुणी विचारत नाही. सगळे मला इडली वाढतायत. सर्जनला तू विचार, आणि तो काय म्हणेल ते जसंच्या तसं मला सांग. पदरचं काही घालू नकोस."

मी विचारलं. फोनवर आधी लिहून ठेवलेलं वाक्य वाचून दाखवलं, कारण तोंडून येईना. सर्जन म्हणाले की स्कॅनमध्ये यकृत आणि फुप्फुसं साफ आहेत. गाठ काढू, आजूबाजूच्या लिम्फच्या गाठी तपासू, त्यात काही निघालं तर केमो. वचन देता येत नाही, पण हे सगळं बरं करण्यासाठीच करतोय, दिवस ढकलण्यासाठी नाही. मी घरी येऊन हेच शब्द सांगितले. आत्यांनी ते दोनदा म्हणवून घेतले.

ऑपरेशन नीट झालं. गाठ काढून आतडं जिथे जोडलं, तो जोड भरून येईपर्यंत त्याला विश्रांती म्हणून पोटाच्या उजव्या बाजूला आतड्याचं तोंड बाहेर काढलं होतं आणि त्यावर पिशवी होती, काही महिन्यांपुरती. ती बदलायला वॉर्डातल्या सिस्टरने मला शिकवलं. कातडी कोमट पाण्याने पुसायची, पूर्ण कोरडी करायची, मापाचं भोक कापून चिकटवायचं. पहिल्यांदा मी कातडी तीनदा पुसली आणि आत्या छताकडे बघत राहिल्या. आम्ही दोघी एकमेकींना लाजत होतो. मग पिशवीने एक मोठा गुडगुडाट केला. आत्या म्हणाल्या, "हा नवा विद्यार्थी. मी बोलायला लागले की हा मध्ये बोलतो." त्यानंतर पिशवीचं नाव विद्यार्थीच पडलं. विद्यार्थ्याने डबा संपवला का, विद्यार्थ्याला बाहेर न्यायचंय, असं आई सुद्धा बोलायला लागली. कुणी पाहुणे आले की तो हमखास बोलायचा, आणि आत्या त्यांच्याकडे अशा बघायच्या की पाहुण्यांनाच वाटावं आपलं पोट वाजलं.

दोन लिम्फगाठींत आजार सापडला, म्हणून केमो. तीन आठवड्यांनी एकदा सलाईन, मध्ये गोळ्या, असे जवळजवळ सहा महिने. त्या सलाईनची एक गंमत डॉक्टरांनी आधीच सांगितली होती: नंतर काही दिवस थंड काही चालत नाही. थंड पाणी प्यायलं तर घशात काटे, थंड भांड्याला हात लावला तर बोटांना मुंग्या. तंजावूरच्या उन्हात आत्या हातमोजे घालून फ्रीज उघडायच्या आणि कोमट पाणी प्यायच्या. आणि गल्लीतली माणसं, ज्यांचा एकूण वैद्यकशास्त्रावरचा विश्वास शहाळ्यावर उभा आहे, ती रोज बर्फातलं शहाळं घेऊन यायची. आजारामुळे अंग तापलंय, थंड द्या. आई त्यांना समजावून थकली. शेवटी ती शहाळी घ्यायची, आणि पाहुण्यांची पाठ वळली की मी प्यायचे. त्या सहा महिन्यांत माझं वजन वाढलं.

भेटायला येणारे एक वाक्यही आणायचे: काही होणार नाही. आत्यांना त्याचा राग यायचा. झालंय ना, त्या मला नंतर म्हणायच्या, मग काही होणार नाही म्हणजे काय. मी ते वाक्य कधी म्हटलं नाही, धीर होता म्हणून नव्हे, सुचलंच नाही म्हणून. मी फक्त विचारायचे, आज काय नको? कधी उत्तर यायचं, इडली नको. कधी, माणसं नकोत. एकदा म्हणाल्या, तूही नको, तासाभराने ये. मी जिन्यावर बसून तासाभराने गेले. बोटांच्या मुंग्या जाईनात तेव्हा मात्र त्यांनी स्वतःहून, तमिळमध्ये, डॉक्टरांना सांगितलं आणि त्यांनी औषधाची मात्रा कमी केली.

भावंडांनीही तपासून घ्यावं, असं डॉक्टरांनी सांगितल्यावर अप्पांची पाळी आली. त्यांना कामं निघायला लागली. आत्यांनी जुनं वेळापत्रक शोधून पुन्हा दाराला लावलं आणि स्वतः ग्लास भरून समोर उभ्या राहिल्या. अप्पांना एक लहानसा पॉलिप निघाला, तो तिथल्या तिथे काढून टाकला. तपासणीत साधाच निघाला. आता ते ऑफिसात पन्नाशीच्या सगळ्यांना नळीविषयी सांगतात. लोक त्यांच्या शेजारी डबा खायला बसत नाहीत म्हणे.

केमो संपली, स्कॅन साफ आला, आणि दीड महिन्याने पिशवी काढायचं ऑपरेशन झालं. आतडं पुन्हा सलग केलं. आता ते चालू झालं की नाही, हे कळायची खूण एकच: वारा सरला पाहिजे. तोवर तोंडाने अन्न नाही. पहिल्या दिवशी सर्जननी विचारलं, नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पोट फुगलं होतं. आत्या भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. दर तासाला अप्पांचा फोन: झालं का? तिसऱ्या दिवशी सकाळी सर्जन म्हणाले, संध्याकाळपर्यंत वाट बघू, नाहीतर स्कॅन करू. जोड कुठे सुटला असेल तर काय, ते त्यांनी मला इंग्रजीत सांगितलं. मी ते घरात कुणाला सांगितलं नाही. आत्यांनी विचारलं असतं तर सांगितलं असतं. त्यांनी विचारलं नाही.

चाला, एवढंच सिस्टर म्हणत होती. म्हणून आम्ही चाललो. मी सलाईनचा खांब ढकलत, आत्या माझा खांदा धरून, व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. पाचव्या फेरीला त्या मध्येच उभ्या राहिल्या. मला वाटलं, दमल्या.

आवाज लांब आणि स्वच्छ होता. बाकावर बसलेल्या दोन माणसांनी घाईने खिडकीबाहेर बघितलं. आत्या सकाळच्या प्रार्थनेला उभ्या असल्यासारख्या ताठ, समोर बघत होत्या.

"ऐकलंस?"

"ऐकलं."

"मग जा, सांग त्यांना."

मी काउंटरपाशी गेले आणि तिथे उभ्या असलेल्या सगळ्यांसमोर, मोठ्याने, तमिळमध्ये सांगितलं की माझ्या आत्यांचा वारा सरला. सिस्टरने घड्याळ बघून फाईलमध्ये वेळ लिहिली. अप्पांना फोन केला. त्यांनी फोन कानावरून काढला. मग लांबून ऐकू आलं, ते ऑफिसात कुणाला तरी सांगत होते.

मी वळून बघते तर आत्या माझी वाट न बघता खांब स्वतः ढकलत पुढे निघाल्या होत्या. संध्याकाळी सर्जननी पोट दाबून बघितलं, स्कॅन नको म्हणाले, आणि दोन चमचे पाणी द्यायला सांगितलं. पहिला चमचा तोंडात असतानाच आत्यांनी दुसऱ्यासाठी हात पुढे केला.