बेचाळीस किलोमीटर आणि थोरली म्हैस

कसबा बावड्यात आम्ही फ्लॅट घेतला तेव्हा बिल्डरने बाल्कनीतून दिसणारा ऊस दाखवला होता. उसाच्या अलीकडचा गोठा मात्र त्याने शिताफीने टाळला. राहायला आल्यावर पहिल्याच महिन्यात सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी शेणाच्या वासाविरुद्ध चांगली दहा मिनिटं बोलले. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे अमोनियावर बोलायला मला तयारी लागत नाही. त्या गोठ्याची मालकीण पुढे माझी जिवाभावाची सोबतीण होणार आहे असं तेव्हा कुणी म्हटलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

धावायला मी एकोणपन्नासाव्या वर्षी लागले. कारण काही उदात्त नव्हतं. झोप उडाली होती, गुडघे कुरकुरत होते आणि घरात मी येता-जाता सगळ्यांवर खेकसत होते. नवऱ्याने भीत भीत सुचवलं की जरा बाहेर फिरून येत जा. फिरता फिरता पळू लागले आणि शहरातल्या धावणाऱ्यांच्या एका ग्रुपात नाव घातलं. दोन डॉक्टर, एक वकील, बाकी व्यापारी आणि नोकरदार असे दहा-बाराजण पहाटे पाचला जमायचे. माणसं चांगली होती, पण माझ्याइतकं हळू कुणीच नव्हतं. रंकाळ्याची माझी एक फेरी होईपर्यंत ते मागून येऊन मला गाठायचे आणि जाता जाता "छान चाललंय मॅडम" म्हणायचे. छान चाललंय म्हणणाऱ्या माणसांचा मला राग येतो. म्हणून रविवार सोडून बाकीचे दिवस मी एकटीच बावड्यातून नदीकडे जाणाऱ्या रस्त्याने पळायचे.

त्या रस्त्यावर एका सकाळी चार कुत्र्यांनी मला घेरलं. मी किंचाळले असेन, कारण गोठ्यातून एक बाई हातात काठी घेऊन धावत आली. अंगात गाऊन, खांद्यावर टॉवेल, पायात रबरी चपला. "पळू नगासा, जागेवर हुभं ऱ्हावा," असं मला बजावून ती स्वतः मात्र कुत्र्यांच्या मागे पार उसापर्यंत पळत गेली. माझ्या पायात महागाचे बूट होते आणि असं पळणं मला जन्मात जमलं नसतं.

परत आल्यावर तिने विचारलं, "रोज कशापायी पळतासा?"

"मॅरेथॉन करायची आहे. बेचाळीस किलोमीटर."

"म्हंजी जोतिबाला जाऊन परत." ती जरा विचारात पडली. "आनि तिकडं तुम्हाला बोलावलंय कुणी?"

दुसऱ्या दिवशी ती मुलाचे शाळेचे बूट घालून गोठ्याच्या दारात उभी होती. कुत्री लई वंगाळ हायती, तुमच्या संगं येते, म्हणाली. कुत्र्यांचा बंदोबस्त आठवड्याभरात झाला, पण ती येतच राहिली. तिने मला अक्का म्हणायला सुरुवात केली. आमच्या जैनांच्या घरात थोरल्या बहिणीला अक्काच म्हणतात, त्यामुळे ते कानाला बरं वाटलं. मी तिला वहिनी म्हणू लागले. ती माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान होती.

तिच्याकडे तीन म्हशी होत्या. सकाळच्या धारा उरकून, दूध संस्थेत घालून ती सव्वासहाला मोकळी व्हायची. मला थांबायची सवय नाही, तरी मी गोठ्यात उपड्या बादलीवर बसून तिची वाट बघायला लागले. बसल्या बसल्या थोरल्या म्हशीपुढे मूठभर सरकी पेंड धरायची. शेणाच्या वासाबद्दल मी मीटिंगमध्ये जे बोलले होते ते वहिनीच्या कानावर गेलेलं होतं. तिने ते एकदाच काढलं, "आता नाक मेलं वाटतं," आणि विषय संपवला.

आम्ही पळताना सारखं बोलायचो. ऊसतोडीच्या दिवसांत कारखान्याकडे निघालेले ट्रॅक्टर शेजारून जायचे. एकदा एका ड्रायव्हरने वरून विचारलं, "मावशी, गाडी चुकली काय?" वहिनी न थांबता म्हणाली, "व्हय, तुझीच." त्याने आम्हाला पुढच्या वळणापर्यंत हॉर्न वाजवून सोबत केली.

रविवारी मी तिला ग्रुपात नेलं, तेव्हा ती आधी लाजून माझ्या मागेच राहिली. तिसऱ्या रविवारी तिने वकीलसाहेबांना मागे टाकलं आणि वळून "येताय न्हवं?" असं विचारलं. त्यानंतर तिला कुणी पाहुणी मानलं नाही. तिच्या धारांसाठी ग्रुपने रविवारची वेळ पाचची सव्वासहा केली. वकीलसाहेबांनी उन्हाची तक्रार केली, पण तेही आले. लांब पळायचं असेल त्या दिवशी सगळे गोठ्याशी जमायचे आणि पळून झाल्यावर तिथेच गरम दूध प्यायचे. मला माणसांत मिसळायला वेळ लागतो, पण त्या सकाळी मला मनापासून आवडायच्या.

बाहेरगावच्या एका मॅरेथॉनचे फॉर्म सुटले तेव्हा मी माझ्याबरोबर वहिनीचाही भरला. गोठ्याच्या दारात उभ्याउभ्या मोबाइलवर. तिने फक्त "हाय कुठं?" एवढं विचारलं आणि मी गावाचं नाव सांगितल्यावर आत म्हशींकडे वळली. मला वाटलं, अंतराला घाबरली. पुढचे काही महिने मी आहार, विश्रांती, बूट, सगळ्याचं वेळापत्रक केलं. म्हैस त्यात कुठेच नव्हती.

महिना राहिला तेव्हा एका सकाळी ती म्हणाली, "अक्का, मला यायला जमायचं न्हाई. थोरलीची धार कोण काढणार?"

मग मला पहिल्यांदा कळलं. धाकट्या दोघींची धार तिचा नवरा काढायचा, पण थोरली फक्त वहिनीच्याच हाताला सोडायची. दुसरं कुणी बसलं की पान्हा चोरायची, नाहीतर लाथ घालायची. शनिवारी दुपारी निघून रविवारी दिवस मावळल्यावर परत यायचं म्हणजे तीन धारा चुकणार. दूध कासेत राहिलं की कास सुजते, म्हशीला ताप भरतो, एखादं सड कायमचं जातं. "सात वर्सं झाली, मी एक रात गोठा सोडून झोपल्याली न्हाई," ती म्हणाली. "म्हायेरला गेले तरी धारंच्या आत परत." शेजारच्या कुणीतरी पान्ह्यासाठी इंजेक्शन सुचवलं होतं. त्याला तिने सरळ सांगितलं होतं की तसल्या पळण्याला मी आग लावीन.

मी तिला म्हटलं, महिना आहे, काहीतरी करू. आधी तिच्या नवऱ्याने प्रयत्न केला. वास ओळखीचा वाटावा म्हणून बायकोचं लुगडं अंगावर गुंडाळून, डोक्यावर पदर घेऊन तो म्हशीखाली बसला. म्हशीने त्याला नीट न्याहाळलं, बादली उडवली आणि तोंड फिरवलं. चार दिवस तो रोज पदर घेऊन बसला आणि रोज मांडीवर नवा डाग घेऊन उठला. पाचव्या दिवशी त्याने लुगडं काढून माझ्या हातात दिलं. "आता तुम्ही बसा अक्का. तुमच्याकडं ती बघती तरी नीट."

मी धार सोडाच, आयुष्यात म्हशीच्या पोटाला हात लावला नव्हता. लुगडं मी घेतलं नाही. वहिनीने रेडकू पाजून बाजूला केलं, कास कोमट पाण्याने धुतली, माझ्या बोटांना तेल लावलं आणि मूठ कशी वळायची ते दाखवलं. पहिले काही क्षण नुसतं हवेत बोटं हलवल्यासारखं झालं. मग बादलीच्या तळावर बारीकशी धार वाजली. दुसरी वाजली, तिसरी वाजली. म्हैस रवंथ करत शांत उभी होती.

आम्ही तिघंही हसलो. मग वहिनीच्या नवऱ्याने, सगळ्यांच्या मनात आलेलं, मोठ्याने बोलून टाकलं. "म्हंजी आता एकीलाच जायला येनार की."

मला आनंद झाला नाही. मी वर्षभर तयारी केली होती. पन्नाशीच्या आत एकदा बेचाळीस किलोमीटर पळायचं हे मी नवऱ्याला, बहिणींना, वर्गातल्या मुलांना सांगून बसले होते. त्या सकाळी मी पळायला गेले नाही, तडक घरी आले. पुढचे दोन दिवस बाल्कनीचं दार लावून ठेवलं. म्हशीने लाथ घातली असती तर किती बरं झालं असतं, असं मला खरोखर वाटलं.

तिसऱ्या दिवशी वहिनी स्वतः दारात आली. हातात खरवसाचा डबा होता, धाकट्या दोघींतली एक नुकतीच व्याली होती. "अक्का, तुम्ही जावा," ती म्हणाली. "माझं काय, फुडच्या साली बघू."

तिचा तो समजूतदारपणा मला सहन झाला नाही. मी भडकले. "पुढच्या साली थोरली गाभण असेल, नाहीतर दुसरी कुणीतरी लाथा मारत असेल. तुमचं पुढचं साल येणारच नाही. माझं येईल. माझ्या घरी कुणी पान्हा चोरत नाही."

"मला कुनाचं उपकार नगं," तीही तडकली.

"उपकार कसले? मी यंदा हळूच पळणार, पुढच्या वर्षीही हळूच पळेन. काही बिघडत नाही."

ती डबा टेबलावर आपटून निघून गेली. नवरा आतल्या खोलीतून आला आणि खरवस छान आहे म्हणाला. मी त्याच्यावरही ओरडले. पण निर्णय झाला होता आणि रागाच्या भरात झाला म्हणूनच तो टिकला. शांतपणे विचार केला असता तर मी गेले असते.

उरलेले दिवस आम्ही दोघी रोज पळालो आणि रोज संध्याकाळी पाचला मी धार शिकले. शनिवारी दुपारी ग्रुपची गाडी गोठ्याशी आली. वहिनीने म्हशीच्या पाठीवरून हात फिरवला, मला म्हणाली, "कोमट पानी इसरू नगासा," आणि डॉक्टरीणबाईंच्या शेजारी जाऊन बसली. गाडी वळणाआड गेल्यावर मी घरी आले, न्हाणीघरात गेले आणि पोटभर रडले. मग पावणेपाचला हातपाय धुऊन गोठ्यात हजर झाले.

शनिवारची धार झाली. रविवारची पहाटेची झाली. तेव्हा तिकडे ते सुरुवातीच्या रेषेवर उभे असणार, हे माझ्या डोक्यातून जात नव्हतं. हाताला गोळे आले, बोटं वळेनात, पण थोरलीने अंग चोरलं नाही. वहिनीचा नवरा दहा हात लांब उभा राहून मला धीर देत होता. त्याहून जवळ यायची त्याची तयारी नव्हती.

अकराच्या सुमाराला डॉक्टरीणबाईंचा फोन आला. "आल्या," त्या म्हणाल्या आणि फोन वहिनीला दिला. ती धापा टाकत होती.

"थोरलीनं दिलं?"

"दिलं."

"किती?"

"रोजच्यापेक्षा लिटरभर कमी."

"मग ठीक हाय," म्हणून तिने फोन ठेवला. किती वेळ लागला ते मी विचारलंच नाही.

रविवारी संध्याकाळचीही धार मीच काढली. सोमवारपासून सगळं पूर्ववत होणार होतं. सोमवारी सकाळी मी सहज चौकशीला गोठ्यात गेले तर वहिनी भिंतीला धरून पाय ओढत येत होती. म्हशीपाशी आली, खाली बसायला गेली आणि अर्ध्यातच ओरडून सरळ झाली. मांड्या दगड झाल्या होत्या. बेचाळीस किलोमीटर पळालेल्या बाईला दुसऱ्या दिवशी उकिडवं बसता येणार नाही, हे आमच्यापैकी एकालाही सुचलं नव्हतं. ग्रुपात दोन डॉक्टर होते आणि मी धावण्यावरचं मिळेल ते सगळं वाचलेलं होतं.

"बसा आता तुमीच," ती म्हणाली आणि स्वतः खुर्चीत टेकली. स्वेटरच्या आत गळ्यात मेडल होतं. ते घालूनच झोपली असावी.

मी कास धुतली आणि बसले. ती मला पहिल्या किलोमीटरपासून सांगायला लागली. कुठे चढ होता, कुठे पोरं टाळ्या वाजवत होती, कुठे कुणी तिला मीठ लावलेली काकडी दिली. गडबड अजिबात नव्हती. एकेक किलोमीटर सोडवून सांगत होती आणि माझी मूठ त्याबरोबर चालली होती. मला हेवा वाटला आणि सुखही वाटलं.

"चौतीसला बसले मी," ती म्हणाली. "रस्त्याच्या कडंला. म्हटलं, आता न्हाई. मग मागनं एक बाई आली, तुमच्याच वयाची. तुमच्यावानीच पाय घासत पळत हुती. उठले आनि तिच्या बाजूला लागले. शेवटपत्तूर तिच्यासंगं बोलत आले."

"काय बोललात?"

"घरातलंच की. तुमच्यासंगं बोलते त्येच. तिला मराठी येत न्हवतं, नुसती मान हलवत हुती." तिने मांडी चोळली. "तिला मी अक्काच म्हनत हुते."

माझा हात थांबला. डोळ्यांपुढचं काही दिसेना. म्हशीने मान वळवून माझ्याकडे बघितलं.

"थांबू नगासा," वहिनी खुर्चीतून म्हणाली, "अजून आठ किलोमीटर हायती."