फोनच्या पडद्याबाहेर राहिलेले हात

आमचा दादा कॉम्प्युटरवर व्हिडिओ चालवायची सॉफ्टवेअरं लिहितो. माणूस सोन्यासारखा, पण बोलायचं म्हटलं की जिवावर येतं. त्याची लेक जन्मापासून बहिरी. वहिनी खुणांची भाषा शिकली, मायलेकी तासन्‌तास गप्पा मारतात. आणि हा? ‘तिला सांग, लवकर ये,’ असं वहिनीलाच सांगणार! मला भारी राग यायचा.

वहिनी बहिऱ्या मुलांना शिकवते. खुणांचे सगळे धडे तिनं कॉम्प्युटरवर केलेले, दादाच्याच सॉफ्टवेअरवर. आता लेकीला परगावी तशाच शाळेत नोकरी लागली. तिथं कॉम्प्युटर नव्हताच, पण फोन सगळ्या पोरांकडे. धडे फोनवर चालले तरच तिचा निभाव लागणार होता.

‘मी करतो,’ दादा म्हणाला आणि जेवणाच्या टेबलावर ठाण मांडून बसला. आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवायचो. माऊससाठी केलेली बटणं बोटांसाठी मोठी केली, बॅटरी पुरेल असं बघितलं. एका संध्याकाळी त्यानं ऐटीत फोन लेकीच्या हातात दिला. उभा पडदा काठोकाठ भरलेला, वहिनीचा चेहरा कसा स्वच्छ! मी म्हटलं, ‘वा!’

लेकीचा चेहरा पडला. वहिनीनं वाकून बघितलं.

‘अहो, हात कुठायत?’

आडवं चित्र उभ्या फोनवर बसवताना यानं दोन्ही बाजू कापल्या होत्या. एकूण एक धड्यात वहिनी नुसती हसत होती.

‘डोकं ठिकाणावर आहे का तुझं?’ मी कडाडले.

‘अगं, बोलणाऱ्याचा चेहरा मोठा दिसावा म्हणून...’

लेकीनं आईला काहीतरी विचारलं. वहिनी सांगेना. मीच म्हटलं, ‘सांग, ऐकू दे त्याला.’

‘ती विचारते, बाबा माझ्याकडे बघतात तेव्हाही त्यांना माझे हात दिसत नाहीत का?’

दादा फोन घेऊन बसला. दुरुस्ती तशी किरकोळच होती. वर-खाली काळी पट्टी आली, चेहरा लहान झाला, पण हात पुरते दिसू लागले. लेक फोन घ्यायला आली तशी वहिनी नेहमीसारखी मध्ये उभी राहिली.

‘तू बस,’ दादा वहिनीला म्हणाला.

धडा लावून त्यानं वहिनीचे हात बघितले, थांबवून पुन्हा बघितले. मग स्वतःचे उचलले. ‘रागावलीस?’ असं त्याला विचारायचं होतं. बोटं भलतीकडेच वळली. लेकीनं ती धरून नीट केली. मला रडूच फुटलं.

तिनं उत्तर दिलं. त्याला कळलं नाही.

‘पुन्हा,’ त्यानं खूण केली.

तिनं पुन्हा सांगितलं, सावकाश.