आतलं बाहेर पडतंय

मुलाचं अंग चिघळत चाललंय आणि घरातली माणसं समाधानानं मान डोलावतायत, असं तुम्ही कधी पाहिलंय? मी पाहिलंय, आमच्याच घरात.

माझी भाची, दादाची लेक, तेव्हा नुकती चालायला लागली होती. गुडघ्यांच्या मागे, कोपरांच्या वळणात, गालांवर इसब. दादा सुप्याच्या एमआयडीसीत कामाला. त्याने नगरला त्वचेच्या डॉक्टरांना दाखवून मलम आणलं होतं. लावलं की बरं वाटायचं, थांबवलं की पुन्हा उठायचं. मग कुणीतरी वडिलांना जवळच्या एका होमिओपॅथी दवाखान्याचं सांगितलं.

वडील म्हणजे गंडेदोऱ्यांचे वैरी. अंगारा नको, देवऋषी नको, डॉक्टरकडे जा, अशी पत्रकं मी लहानपणी जत्रांमधून त्यांच्याबरोबर वाटली आहेत. वाचायला शिकले तीही त्या पत्रकांवरच. इथे तर डॉक्टर होते, दवाखाना होता, बाटलीवर चिठ्ठी होती. ज्या ज्या गोष्टींवर संशय घ्यायला आम्ही शिकलो होतो, त्यातली एकही त्या साखरेच्या गोळ्यांत नव्हती.

मलमाने रोग आत दाबला जातो, ते आजपासून बंद, असं ते डॉक्टर म्हणाले. आधी जोरात उठेल, घाबरायचं नाही, औषध लागू पडल्याची ती खूण. वहिनीने ट्यूब कचऱ्यात टाकली.

आणि उठलं. चट्टे एकमेकांना जाऊन मिळाले, पाणी सुटलं, त्यावर पिवळ्या खपल्या धरल्या. नवा फोड दिसला की घरात कुणीतरी म्हणायचं, आतलं बाहेर पडतंय. शेजारच्या मावशींकडे गोवर उठला की अजून देवी आली म्हणतात. त्या दारात उभ्या राहून हसल्या.

"आमी म्हनायचो यिऊ द्या समदं बाहेर, तवा तुमी पत्रकं वाटायचे. आता तुमीबी त्येच म्हनताय व्हय?"

वडील चिडले. हे शास्त्र आहे म्हणाले. मावशींचं मात्र खरं होतं. मी नगरला न्यायचा विषय काढला. वडिलांनी दवाखान्यात फोन लावला. मध्येच काही करू नका, असं उत्तर आलं. मग ताप आला. तोही चांगलाच म्हणे.

एका सकाळी तिने खाजवणं थांबवलं. वहिनीचा चेहरा किती दिवसांनी सैलावला होता. "बघा, उतार पडला. कशी शांत झोपलीय."

मी कपडे बदलायला गेले. झबलं पाठीला चिकटलं होतं. सोडवताना खपल्यांबरोबर कातडीही निघाली, आणि ती रडली नाही. डोळे अर्धवट उघडे होते. ती मला बघत होती की नाही, तेही कळेना.

"वहिनी, ही झोपलेली नाही," मी म्हणाले.

नगरच्या बालरोगतज्ज्ञांनी आम्हाला एका शब्दानेही दोष दिला नाही. फक्त विचारलं, "शेवटची शू कधी केली?" वहिनीने माझ्याकडे पाहिलं, मी वडिलांकडे. जंतू कातडीतून रक्तात गेले होते. शीर सापडत नव्हती, सुई पुन्हा पुन्हा टोचली जात होती आणि आतून रडण्याचा आवाज येत नव्हता. पत्रकं वाटताना कुणासमोर न दबलेले माझे वडील भिंतीला टेकून खाली बसले.

ती वाचली. अजूनही तिला शांत झोपलेली पाहिली की मी हलवून जागी करते. ती चिडून किंचाळली की माझा श्वास मोकळा होतो.

त्या गोळ्यांत काही असो वा नसो, त्यांच्यासाठी आम्ही थांबलो तो प्रत्येक दिवस पोरीच्या अंगावर गेला. म्हणून एवढंच मागते. तुमच्या घरात, शेजारी, भावकीत एखाद्या लेकराचं मलम असं कुणाच्या सांगण्यावरून बंद झालं असेल, तर त्याचे कपडे काढून अंग नीट पाहा. पाणी किंवा पू दिसला, अंग तापलेलं लागलं, मूल मलूल वाटलं, दूध-पाणी घेईना, तर कुणाला फोन करून विचारत बसू नका. त्याला उचला आणि आत्ताच्या आत्ता मुलांच्या डॉक्टरांकडे घेऊन जा.